चार सव्वीसची उल्का

"काकू, दिवा लागत नाही तेव्हाही तुम्ही बटण दाबताय," डोळे तपासणारी मुलगी म्हणाली, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच मला माझ्या डोळ्यांची भीती वाटली. ती काही रागावून म्हणाली नव्हती. दिवसभरात तिच्यासमोर चाळीस-पन्नास माणसं बसत असणार, त्यातली निम्मी पेंगत असणार, तेव्हा एखादी जास्तीची उत्साही बाई आली तर तिला बरंच वाटलं असेल. मिलमध्ये कापड तपासणाऱ्या आम्हा बायकांचे डोळे दरवर्षी तपासतात, पण या खेपेला यंत्र नवीन होतं. मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, हनुवटी आधारावर टेकवायची, एक डोळा झाकायचा आणि समोरच्या पिवळ्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. मग त्या वाडग्यात इथे तिथे बारीक दिवे लागतात. काही ठसठशीत, काही इतके पुसट की लागले म्हणावं की नाही असा प्रश्न पडावा. दिसला की हातातलं बटण दाबायचं. ती हे समजावून सांगत होती तेव्हा मला आतून हसू फुटत होतं. बाई गं, हे तू मला शिकवतेस? हेच तर मी करत आले, गच्चीवर आरामखुर्ची टाकून, दोन स्वेटर घालून, पहाटेपर्यंत. मी अगदी खुशीत बसले. दाब, दाब, दाब. दोन्ही डोळे झाले, तिने कागद बाहेर ओढला आणि जिभेने चक् केलं. "यंत्र मधूनमधून नुसता टक् असा आवाज करतं, दिवा लावतच नाही. माणूस खरंच बघतंय की नुसतं दाबतंय, ते कळायला. तुम्ही तिथेही दाबलंय. तीनातून एकदा." मी विचारलं, "म्हणजे माझे डोळे गेले?" ती म्हणाली, "डोळ्यांचं काही सांगताच येत नाही ना, काकू. चाचणीच बाद झाली. पुढच्या आठवड्यात परत या. आणि एवढी घाई करू नका, काय?"

बाहेर आले तेव्हा रस्त्यावर भरपूर ऊन होतं. चष्म्याच्या दुकानाच्या काचेवर, गाड्यांच्या टपांवर, कुणाच्या तरी स्टीलच्या डब्यावर सगळीकडे बारीक बारीक चमकत होतं, आणि प्रत्येक चमक पाहिली की माझा अंगठा आपोआप वळत होता. तीनातून एकदा. माझ्या वह्यांत साडेसहा हजारांवर उल्का आहेत. त्याला तीनाने भागायचं? मी बसथांब्यावर उभी राहून खरंच भागायला लागले, आणि मग स्वतःवरच चिडले. आमचे गणिताचे मास्तर एक नियम पहिल्या दिवसापासून सांगत आले आहेत. आम्ही सगळे हौशी लोक, कुणी शिंपी, कुणी नर्स, कुणी बँकेतला, मी कापड तपासणारी; ज्याच्या त्याच्या गच्चीवरून ज्याने त्याने उल्का मोजायच्या आणि महिन्याअखेर आकडे मास्तरांकडे द्यायचे. ते सगळे आकडे एकत्र करून पुढे पाठवतात. नियम असा: जे दिसलं ते त्याच क्षणी लिहायचं, नंतर आठवून एकही वाढवायची नाही. आणि कागदावर एक जरी न दिसलेली उल्का घातली, तर तो अख्खा कागद बाद. एक नासका आंबा काढून उरलेली पेटी चालवून घ्यायची सोय इथे नाही, असं मास्तर म्हणायचे. आता मास्तर थकलेत. एकोणीस वर्षांचे सगळ्यांचे कागद त्यांनी नीट लावून शेवटचं पाठवायला काढले आहेत, आणि प्रत्येकाला त्याचे त्याचे कागद परत देऊन सांगितलंय की रविवारपर्यंत वर्षावार सही करून द्या. दिसलं तेवढंच लिहिलं आहे, अशी ती सही. माझे एकोणीस कागद घरी कपाटावर पडले होते. त्यांवर मी काल रात्रीच सही करणार होते, पण पेनातली शाई संपली होती आणि मी म्हटलं, उद्या करू, काय घाई आहे.

खरं तर घाई हा माझा जुना रोग. आई म्हणायची, ही पोर दार वाजायच्या आधी उघडायला जाते. पहिली उल्का दिसली तीही अशीच. तेव्हा मी मिलमध्ये नवीन होते, दुसरी पाळी, आणि अचानक सगळीकडची वीज गेली. आम्ही बायका अंधारात चाचपडत मागच्या लोखंडी जिन्याने वर गेलो, वाऱ्याला. कुणी कुणाच्या सासूचं काढलं होतं, कुणी नवऱ्याचं. मी वर पाहिलं आणि माझ्या डोळ्यांदेखत आकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवलं. दुसरा शब्दच नाही, माझ्याजवळ तेव्हाही नव्हता. मी ओरडले, "अगं ते बघा!" सगळ्यांनी बघितलं तेव्हा तिथे काहीच नव्हतं. "भास झाला असेल तुला," एक जण म्हणाली, "मनी वसे ते स्वप्नी दिसे, कुणाची वाट बघतेस गं?" आणि सगळ्या खिदळल्या. मी हसले नाही. एवढं मोठं झालेलं या बायकांना कळलंच नाही याचा मला राग येत होता. पुढे वर्तमानपत्रात मास्तरांचं चार ओळींचं निवेदन वाचलं, उल्का मोजायला माणसं हवीत, दुर्बीण लागत नाही, डोळे आणि खरेपणा पुरे. मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी मला कागदाची सुरळी कशी वापरायची ते शिकवलं. मांडीवर छोटी पेटी, तिच्या फटीतून सुरळीची पट्टी थोडी थोडी ओढायची आणि मान खाली न घालता अंदाजाने लिहायचं, कारण मान खाली गेली की तेवढं आकाश गेलं. गटात बसलो तर कुणी ओरडायचं नाही. दुसऱ्याने अगं ते बघ म्हटल्यावर जी दिसते ती तुमची नाही. मला हे सगळं इतकं पटलं की मी घरी येताना रस्ताभर मोठ्याने बोलत आले.

आणि त्या एकेचाळीस. अकरा वर्षांपूर्वी, कुठलाही वर्षाव ठरलेला नसताना, एका तासात एकेचाळीस. मी सहज बसले होते, झोप येत नव्हती म्हणून. पहिली, दुसरी, मग एकाच मिनिटात तीन. सगळ्या एकाच बाजूने फुटत होत्या. सुरळी ओढता ओढता माझी बोटं दुखायला लागली. मी हसत होते, रडत होते, अहो उठा उठा म्हणून जिन्यातून यांना हाका मारायची मला ऊर्मी येत होती, पण हाक मारायला उठले तर दोन-चार जातील म्हणून उठले नाही. त्या रात्री बाकी सगळ्यांकडे ढग होते, नाहीतर ते झोपले होते. मास्तरांनी फोनवर एकच विचारलं, "ताई, खरं ना?" मी म्हटलं, "खरं, मास्तर." त्यांनी आकडा पाठवला. तो छापून आला तेव्हा त्याच्यासमोर बारीक खूण होती, एकाच निरीक्षकाची नोंद, दुजोरा नाही. त्या खुणेचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट मी ते पान ओळखीच्या सगळ्यांना दाखवत फिरले. आता बसमध्ये खिडकीशी बसून मला त्या मुलीचा आवाज ऐकू येत होता, तीनातून एकदा, काकू, आणि मला वाटलं, त्या रात्री झोप आली नव्हती, मी थकलेली होते, माझं मन काहीतरी घडावं म्हणून आसुसलेलं होतं. टक्.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले ती हीच धास्ती घेऊन. आमचं टेबल म्हणजे खालून दिवे लावलेली काच. तिच्यावरून कापड वाहत जातं, आणि तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की खडूने खूण करायची. मिलमध्ये मला घार म्हणतात. मी बोलत बोलत, पान उलटल्यासारखी खूण करते आणि ती कधी चुकत नाही. त्या दिवशी मी पाच वेळा यंत्र थांबवलं. थांबवायचं, कापड मागे ओढायचं, भिंगाने बघायचं: गाठ आहे, होतीच. पुन्हा चालू. घड्या घालणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "घारीला काय मोतीबिंदू झाला का?" एकीने विचारलं, आणि तिला तोंडभर उत्तर द्यायचं सोडून मी पुन्हा भिंग उचललं. कापडाचं ठीक आहे. कापड मागे ओढता येतं, बोट लावून बघता येतं. आकाश मागे ओढता येत नाही. अर्ध्या सेकंदाची ती रेघ, आणि तिच्या खरेपणाला माझ्याशिवाय कुणी नाही. ती सही मी करूच शकत नाही, असं दुपारपर्यंत माझं ठरलं होतं. मास्तरांना सांगायचं, माझे सगळे कागद काढून टाका. हे वाक्य मनात म्हणून बघितलं. एकोणीस वर्षांतलं मग माझ्याजवळ उरतं काय?

संध्याकाळी जेवताना मी यांना सांगितलं. आमचे हे बस डेपोत टाइमकीपर. येणारी गाडी, जाणारी गाडी, उशीर किती, कारण काय, हे तीस वर्षं लिहीत आलेला माणूस. घरातही चहा दोन मिनिटं उशिरा आला तर घड्याळाकडे बघतो, बोलत नाही. माझ्या उल्कांना त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत आणि कधी विचारलंही नाही. मी गच्चीवर निघाले की झोपेतच म्हणायचे, "मफलर घे." बस. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मग आता?"

"आता काय, सगळं बाद. दिवा नसताना दाबणारी बाई आहे मी."

"यंत्राने टक् केलं म्हणून तू दाबलंस. आकाश कुठे टक् करतं?"

"ते मलाही सुचलं हो. पण सुचून काय उपयोग? सुचतं ते आपल्या सोयीचंच सुचतं."

त्यांनी भात कालवला, दोन घास खाल्ले. मग विचारलं, "परवा तो तुझा मोठा वर्षाव आहे ना? मी बसतो. तू तुझं लिही, मी माझं लिहितो. सकाळी पडताळून बघू. वेळ लिहायला मला कुणी शिकवायला नको."

मी हातातला घास तसाच ठेवला. एवढं सोपं आणि एवढं भयंकर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. भीती वाटली, नाही असं नाही, पण त्या भीतीच्या वर कितीतरी पटीने जास्त काहीतरी उसळून आलं. मी त्याच रात्री त्यांना सगळे नियम सांगायला बसले. ओरडायचं नाही. लगेच लिहायचं. आठवून लिहायचं नाही. एक खोटी तर सगळा कागद बाद. शंका आली तर सोडून द्यायची. ऐकता ऐकता त्यांनी एवढंच विचारलं, "शंका म्हणजे किती?" पुढचे दोन दिवस मी परीक्षेला बसणाऱ्या पोरीसारखी होते. गच्ची झाडली, त्यांच्यासाठी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंची आरामखुर्ची मागून आणली, पेन्सिलींना टोकं केली. एकमेकांची हालचाल दिसू नये म्हणून दोन खुर्च्यांच्या मधल्या वाळत घालायच्या दोरीवर मी आमची डबलबेडची चादर टाकली आणि तिला खालून विटा बांधल्या. पेन्सिलीची करकर ऐकू येऊ नये म्हणून दोघांच्या कानांत कापूस. कठड्यावर प्रत्येकासमोर एकेक, अंधारात काटे चमकणारं घड्याळ, सेकंदाला सेकंद जुळवलेलं. ते जुळवायचं काम अर्थातच यांनी केलं, चार वेळा केलं. "नवराबायकोत चादर बांधणारी तू पहिलीच," हे म्हणाले.

पहाटे साडेतीनला आम्ही बसलो. हवा कोरडी, आकाश धुतल्यासारखं, सप्तर्षी समोर उजवीकडे वर चढलेले. पहिली उल्का तीन चौतीसला आली, चांगली ठसठशीत, सिंह राशीच्या डोक्यावरून सरळ खाली. माझा हात आपोआप चालला आणि क्षणभर मी सगळं विसरले. हेच ते. एकोणीस वर्षं झाली तरी छातीत तेवढीच मोठी उडी. माणसाला इतकं वय झाल्यावरही इतकं आवडणारं काहीतरी असावं, याचंच मला हसू येत होतं. दुसरी, तिसरी. मग एक पुसट. अगदी नजरेच्या कडेला, डावीकडे खाली, केस पडावा तशी. मी पेन्सिल टेकवली आणि माझ्या कानांतल्या कापसातूनही मला ते ऐकू आलं: टक्. मी पेन्सिल उचलली. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, तसं माझं झालं होतं. पाहिली का? पाहिली. नक्की? नक्की म्हणजे काय? अर्ध्या सेकंदापूर्वी होतं ते आता नाही, आणि जे नाही त्याच्याबद्दल नक्की कसं असणार? एवढा विचार होईपर्यंत ती लिहायची वेळ गेली, आणि नियमाप्रमाणे ती गेली ती गेलीच. पुढची मात्र दणदणीत, हिरवट, मागे धूर सोडून गेलेली. ती मी इतक्या जोरात लिहिली की पट्टी फाटली. चादरीपलीकडे खुर्ची करकरली. दिसली वाटतं त्यांना! मला इतका आनंद झाला की मी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मग दोन मिनिटांनी पुन्हा एक पुसट, आणि पुन्हा पेन्सिल उचलली गेली. असा सगळा वेळ. मोठी आली की मी राणी, बारीक आली की मी चोर. आयुष्यभर ज्या बारीक उल्कांचा मला अभिमान होता, इतरांना दिसत नाहीत त्या घारीला दिसतात असं मास्तर म्हणायचे, त्याच मी एकेक करून गिळत होते. गिळलेली प्रत्येक मला स्वच्छ आठवत होती, लिहिलेल्यांपेक्षा जास्त स्वच्छ. मध्ये एकदा यांना सणसणीत शिंक आली, ती कापसातूनही ऐकू आली, आणि नेमकी तेव्हाच टाकीच्या वरून एक मध्यम गेली. मी लिहिली. वाऱ्याने चादर फुगायची, पुन्हा बसायची. चार चाळीसला त्यांच्या घड्याळाचा गजर झाला आणि आमची वेळ संपली.

आम्ही चादर न काढता, तिच्या बाजूने वळून, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर कंदिलासारखा बॅटरीचा दिवा ठेवून बसलो. माझे हात गारठले होते पण अंगातून वाफा निघत होत्या. माझ्या अठरा. यांच्या बावीस. "बावीस?" मी म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ती मिश्कील छटा दिसली. "डेपोवाला आहे मी," ते म्हणाले, "गाडी सोडत नाही." त्यांनी वेळा वाचायला सुरुवात केली, मी माझ्या पट्टीवर खुणा करत गेले. तीन चौतीस, आहे. तीन सदतीस, आहे. एकेक जुळत होती आणि माझा श्वास मोकळा होत होता. सोळा जुळल्या. माझ्या दोन यांच्याकडे नव्हत्या. त्यातली एक शिंकेच्या वेळची, दुसरीबद्दल ते सरळ म्हणाले, "मला नाही दिसली बुवा," आणि मला पुन्हा थोडं कसंतरी झालं. उरल्या यांच्या सहा, ज्या माझ्या पट्टीवर नव्हत्या.

"त्या सहांच्या नुसत्या वेळा वाचा," मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "कुठे, केवढी, काही सांगू नका."

"तीन एकेचाळीस."

"डावीकडे, खाली. खूप बारीक. वरून खाली."

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अँटेनाच्या डावीकडे, बारीक, असं लिहिलंय मी. पण मग तू—"

"पुढची वाचा."

"तीन पन्नास."

"सप्तर्षींच्या पोटातून. आडवी. पांढरी, लगेच विझलेली."

"सप्तर्षी कुठले ते मला माहीत नाही. वर, आडवी, एवढं आहे." त्यांचा आवाज आता हलका झाला होता. "चार नऊ."

"तुमच्याच बाजूला. टाकीला घासून." चार पंधरा मी ते वाचायच्या आधीच सांगून टाकली, कारण माझ्या गिळलेल्यांत पुढची तीच होती आणि मला आता थांबवत नव्हतं. चार वीसही सांगितली, दोन्ही डावीकडे खालच्या. पाचच्या पाच. मी उभी राहिले होते. मला दिसल्या होत्या, बाई गं, सगळ्या दिसल्या होत्या. डोळे नव्हते चुकत, हात घाबरला होता. आणि मग ते म्हणाले, "चार सव्वीस."

चार सव्वीस. मी डोळे मिटले. चार वीसनंतर बराच वेळ काही नव्हतं, मग चार एकतीसची, ती तर माझ्याकडे लिहिलेली होती. चार सव्वीसला मी काय करत होते? बघत होते. टक लावून बघत होते, कारण बराच वेळ काही आलं नव्हतं आणि अशा वेळी मी जास्तच तीक्ष्ण होते. मला माहीत होतं काय उत्तर दिलं तर बरोबर येण्याची शक्यता जास्त आहे: पुसट, डावीकडे, खाली. पुसट बहुतेक तिथेच दिसत होत्या. सहापैकी सहा किती सुंदर झालं असतं. तोंडात शब्द तयार होता. मी पुन्हा एकदा त्या मिनिटात जाऊन बसले, वारा, फुगलेली चादर, काळं आकाश, आणि त्या मिनिटात काही म्हणजे काही नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "चार सव्वीसला काही नव्हतं."

"म्हणजे तुझी सुटली."

"सुटली नाही. नव्हती. तुम्ही काय पाहिलंत ते तुमचं तुम्ही जाणो, पण तिथे उल्का नव्हती."

त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. मग म्हणाले, "नव्हतीच. डेपोत नव्या पोरांच्या यादीत मी एक न धावणारी गाडी घालतो. जो न बघता 'गाडी आली' म्हणून टिंब देत जातो तो तिच्यावरही टिंब देतो. मग मला कळतं कुणाच्या आकड्यांवर निर्धास्त झोपायचं आणि कुणाच्या नाही." त्यांनी चार सव्वीसच्या ओळीवर बोट ठेवलं. "तू त्या दिवशी जेवली नाहीस नीट. म्हणून घातली एक."

मला काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी हसायला लागले आणि ते हसणं थांबेना, आणि मग ते रडणं झालं, आणि मी त्यांच्या मफलरमध्ये तोंड घालून रडले; तीस वर्षांच्या संसारात मी या माणसासमोर अशी रडले नव्हते. एकेचाळीस होत्या, अहो, मी म्हणत होते, एकेचाळीसच होत्या. "असतील की," ते म्हणाले, "कोण नाही म्हणतंय?" खाली कुणीतरी मोटार सुरू केली. दुधाची गाडी गेली. मी नाक पुसलं, खाली जाऊन मास्तरांचे एकोणीस कागद आणि नवं पेन घेऊन वर आले, आणि त्या टाकीच्या कट्ट्यावर, दिव्याच्या उजेडात, एकापाठोपाठ एक एकोणीस सह्या केल्या. हात जरासुद्धा हलला नाही. मग आजचा कागद घेतला.

"तेवीस लिही," हे म्हणाले. "अठरा आणि या पाच. मी साक्षीला आहे."

"अठरा."

"अगं, आत्ता धडाधड सांगितल्यास!"

"आत्ता सांगितल्या. तेव्हा लिहिल्या नाहीत. अठराच." मी आकडा लिहिला, सही केली. त्यांनी स्वतःचा कागद पुढे केला. प्रत्येक ओळीत तास, मिनिट, सेकंद, दिशा, रेघ मारून रकाने पाडलेले. त्यांच्या आयुष्यातली ही पहिली रात्र, एकवीस उल्का, कुठल्याही नवशिक्याने लिहिला नसेल असा सुरेख कागद. मी तो दिव्याखाली धरून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मास्तरांना किती आवडला असता.

"हा पाठवता येणार नाही," मी म्हणाले. "यात एक खोटी आहे."

"माहीत आहे," हे म्हणाले. "लिहिली तेव्हाच माहीत होतं."